राघूच्या वयाचा दाखला

हनुमंताने गजराबाईला पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतर अकराव्या दिवशी. मेंढरं पाण्यावर न्यायला उशीर झाला, एवढंच निमित्त. पुढच्या अठरा वर्षांत निमित्तं बदलत गेली, हात तोच राहिला. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, एक दाढ नव्हती आणि पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाचा काळा डाग होता. कुणी विचारलंच तर ‘मेंढ्यानं ढुसणी दिली’ म्हणायची. विचारणारीलाही तेच ऐकायचं असायचं.

बोरी बुद्रुकला नदीच्या अंगाला त्यांची वस्ती. सासऱ्याच्या काळात मोठा कळप घेऊन घाट उतरणारं घर. आता वीसेक मेंढरं, थोडा कांदा आणि हनुमंताचा भाजीपाल्याचा टेम्पो. गजराबाई लोकांच्या कांद्यात रोजाने जायची. अंगाने किरकोळ, पण चालायला लागली की बरोबरच्या बायकांना धाप लागायची.

पोरं दोन. थोरला राघू दहावी होऊन घरी बसलेला, धाकटी प्रांजल आठवीत. लहानपणी घरात आवाज चढला की राघू बहिणीचा हात धरून मेंढरं कोंडायच्या जाळीआड जाऊन बसायचा. सोळावं लागलं तसा तो जाईना झाला. दारात नुसता उभा राहायचा. हनुमंताला ते फार झोंबायचं. “काय बघतो रं?” म्हणत तो त्यालाही हाणायचा.

चैत्रातली दुपार होती. राघू एकेक मेंढी पायात धरून लोकर कातरत होता आणि गजराबाई लोकर पोत्यात भरत होती. तेवढ्यात हनुमंत आला. बरोबर त्याचा थोरला भाऊ चिमाजी. चिमाजीने प्रांजलसाठी सोयरीक आणली होती. मंचरकडचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, घरच्या दोन पिकअप गाड्या. पंधरा दिवसांत उरकून टाकायचं, असं बोलणंही झालं होतं.

“पोरगी चौदाची हाय,” गजराबाई म्हणाली.

“तुझं सोळाव्या वर्षी झालं. मेली का तू?”

“मेले न्हाई. पर हिचं मी हू देनार न्हाई.”

अठरा वर्षांत तिने तोंडावर ‘नाही’ म्हटल्याची ही पहिलीच वेळ. हनुमंताने जमिनीतला खुंटा उपटला. पहिला घाव तिने हातावर घेतला, आणि हाड मोडल्याचा आवाज पोत्याजवळ उभ्या राघूलाही ऐकू गेला. दुसरा खांद्यावर बसला. प्रांजल मध्ये पडली, तर तिची वेणी मुठीत धरून त्याने तिला अंगणभर फरफटत नेलं आणि गोठ्याच्या भिंतीवर आपटलं. चिमाजी फाटकाशी उभा होता. “आरं, बास कर की,” तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. हनुमंत परत फिरला, गजराबाईच्या छातीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला.

तिच्या कानात पाण्याच्या मोटारीसारखी घरघर सुरू झाली. आभाळ पांढरं झालं. मग एकाएकी गळ्यावरचा जोर सुटला.

राघूच्या हातात लोकर कातरायची लांब पात्याची कातर होती. ती त्याने बापाच्या बरगडीखाली घातली होती. त्याने ती उपसली आणि दुसऱ्यांदा खांद्यात घातली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा गजराबाईच्या घशातून कसाबसा शब्द निघाला, “राघू!” हात तिथेच थांबला. हनुमंत लोकरीच्या ढिगावर कोसळला. पांढरी लोकर लाल होत गेली आणि अर्धवट कातरलेली मेंढी त्याच्या पायांवरून उड्या मारत पळाली.

आता मात्र चिमाजी हलला. तोच खुंटा उचलून त्याने राघूच्या डोक्यात घातला. ओरडा ऐकून वस्तीवरची माणसं धावली. दोघांनी हनुमंताला टेम्पोत घातलं. बाकीचे राघूवर तुटून पडले. “बापावर हत्यार उचलतो, भडव्या!” लाथा, चपला, जे हाती येईल ते. राघूने डोकं झाकलं नाही की हात उगारला नाही. शेवटी गजराबाई मोडका हात घेऊन त्याच्या अंगावर आडवी पडली. दोन लाथा तिच्या कमरेत बसल्या, तेव्हा कुठे माणसं थांबली.

ठाण्यात चिमाजी तिच्या आधी पोहोचला होता. साहेबांच्या टेबलावर त्याने राघूचं आधार कार्ड ठेवलं. “एकोनीस वर्साचा घोडा हाय, साहेब. टाका आत.”

कार्डावरच्या जन्मतारखेने एकोणीस वर्षंच होत होती. गेल्या वर्षी पोराला पॅकिंगच्या शेडवर कामाला लावायचं म्हणून हनुमंतानेच वय वाढवून घेतलं होतं.

दवाखान्यातून हाताला प्लास्टर घालून गजराबाई आली तेव्हा साहेब राघूला कोठडीत घ्यायला सांगत होते. “सतरा पन पुरी न्हाईत त्याला,” ती म्हणाली. आवाज फाटलेला, गळ्यावर बोटांचे वळ.

साधना नावाची हवालदार होती, लहान मुलांची प्रकरणं तिच्याकडे असायची. तिने विचारलं, “जन्माची नोंद आहे का, बाई?”

“लेण्याद्रीच्या पायथ्याला कळप बसला व्हता. वावरात झाला. कोन नोंद करनार?”

“शाळेचा दाखला?”

“शाळेत असंल.”

साधना साहेबांकडे वळली. “साहेब, कायदा शाळेचा दाखला आधी धरतो. तो नसला तर जन्माची नोंद, तीही नसली तर डॉक्टरी तपासणी. आधारवर वय ठरत नाही. आत टाकलं आणि उद्या पोरगा सोळाचा निघाला, तर बाल न्याय मंडळापुढे उत्तर आपल्याला द्यावं लागेल.”

साहेबांनी कार्ड बाजूला सारलं. राघू कोठडीऐवजी साधनाच्या खोलीत बाकावर बसला. बेडी नाही. डोक्याला सात टाके. लहान मुलांशी वर्दीत बोलायचं नसतं, म्हणून साधनाने खाकीवर साधा शर्ट चढवला आणि मगच त्याच्याशी बोलायला बसली. त्याने एकच विचारलं, “आईचा हात बरा हुईल का?”

दुसऱ्या दिवशी रविवार. अवसरी खुर्दहून गजराबाईचा भाऊ कुशाबा पहाटेच मोटारसायकल घेऊन आला. दोघं हेडमास्तरांच्या घरी गेली. भला माणूस, चहाचा कप तसाच ठेवून शाळा उघडायला आला. जनरल रजिस्टरमध्ये राघूच्या नावापुढे एक जून लिहिलेलं होतं. तारीख माहीत नसलेल्या सगळ्या पोरांची लिहितात तशी. गजराबाईला पक्कं आठवत होतं, राघू दसऱ्यानंतरचा. म्हणजे खरं वय आणखी कमीच. पण कागदावरही तो सोळा वर्षं दहा महिन्यांचा होता, तेवढं पुरे होतं. हेडमास्तरांनी तसा दाखला लिहून दिला.

परत येताना गावाबाहेरच्या पुलावर चिमाजी आणि त्याचे दोन मेहुणे आडवे आले. चिमाजीने तिच्या कानाखाली वाजवली आणि हातातली पिशवी ओढली. कुशाबाने डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर हाणलं. चिमाजीचा ओठ फाटला. मेहुण्यांनी कुशाबाला खाली पाडून तुडवलं, पिशवी नदीत फेकली. त्यात गजराबाईचा डबा होता. दाखला तिने पोलक्यात ठेवला होता.

त्याच दुपारी, चोवीस तास उलटायच्या आत, राघूला पुण्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं होतं. गाडीत गजराबाईने साधनाला विचारलं, “फाशी हुईल का?”

“नाही. पोरांना फाशी नसते. मरेपर्यंतची कैदही नसते.”

“मंग किती वर्सं?”

“तुमचा नवरा जगला, तर हे मंडळच सगळं बघेल. जास्तीत जास्त तीन वर्षं, तेही तुरुंगात नाही, पोरांच्या गृहात. पण मेला तर खून. पोरगं सोळा पूर्ण केलेलं असलं, तर त्याला समज किती होती ते मंडळ तपासतं, आणि वाटलं तर खटला मोठ्यांसारखा चालवायला वर पाठवतं.”

हा माणूस मरावा असं गजराबाईने किती वेळा मनात आणलं होतं, ते तिलाच ठाऊक. आता तो जगावा म्हणून ती हात जोडणार होती.

मंडळाची खोली तिला कोर्टासारखी वाटलीच नाही. साधं टेबल, पलीकडे रविवार असूनही आलेल्या न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य. त्यांनी दाखला पाहिला, राघूच्या डोक्याचे टाके पाहिले, सरकारी खर्चाने एक वकील बाई त्याच्या बाजूने दिली आणि त्याला निरीक्षणगृहात ठेवायला सांगितलं. पेपरात बातमी आली. त्यात राघूचं नावही नव्हतं आणि गावाचंही; लहान मुलाचं छापता येत नाही.

हनुमंत पुण्याच्या सरकारी दवाखान्यात होता. गजराबाई वऱ्हांड्यात बसून राहायची. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले, नवव्या दिवशी तिला आत बोलावलं. उशाशी चिमाजी, फुगलेल्या ओठाचा.

“मी जबाब बदलतो,” हनुमंत म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. “पाय घसरला, कातरीवर पडलो, आसं सांगतो. पोरगा मोकळा. तू पोरीचं लगीन हू दे.”

वकील बाईने गजराबाईला सांगितलं होतं, जामीन बापाच्या जबाबावर अवलंबून नाही; लहान मुलाला जामीन द्यायचा असतो, नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं. पण द्यायचा असतो म्हणजे मिळेलच, असं वकील बाई म्हणाली नव्हती. एका पोराला सोडवायला दुसरं पोर द्यायचं.

“न्हाई,” ती म्हणाली.

हनुमंताने पलंगावरून हात लांबवून तिचं प्लास्टर धरलं आणि पिळलं. आत हाड पुन्हा सरकलं. अठरा वर्षं ती मार खाताना आवाज काढत नसे. त्या दिवशी ती अशी किंचाळली की अख्खा वॉर्ड उठून बसला. सिस्टर धावत आली, मागून दारावरचा पोलीस.

“ह्यानं माझा हात मोडला,” गजराबाई म्हणाली. “त्या दिवशीबी ह्यानंच मोडला. गळाबी ह्यानंच दाबला. लिहून घ्या. लगीन झाल्यापासनं सांगते, सगळं लिहून घ्या.”

लिहून घ्यायला दोन तास लागले.

निरीक्षणगृहात भेटीच्या दिवशी राघूने विचारलं, “बापू काय म्हनला?” तिने सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, “मंग मी काय म्हनू?”

“तू काय बी म्हनू नको. म्हनायचं ते मी म्हनून आले.”

बालविवाह रोखायचं काम ग्रामसेवकाकडे असतं; गजराबाईच्या जबाबावरून त्याने मंचरकडच्या त्या घरी जाऊन नोटीस दिली. अठरा पुरी झाल्याशिवाय मुलगी करणार नाही, असं नवऱ्या मुलाच्या बापाने लिहून दिलं, आणि ती सोयरीक तिथेच तुटली. तेवीस दिवसांनी राघूला जामीन मिळाला. अट एवढी, की बोरीला जायचं नाही, आईच्या ताब्यात राहायचं आणि दर महिन्याला, अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी मॅडमना भेटायचं. गजराबाईने मेंढरं विकली आणि अवसरी खुर्दला भावाच्या शेजारी खोली घेतली. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या एका मेसमध्ये ती पोळ्या लाटू लागली. हात पूर्ण वळत नव्हता, तिच्या पोळ्या एका अंगाला जाड व्हायच्या. पोरं खायची.

“बापाला भोसकून सुटला,” असं बोरीत लोक म्हणायचे. सुटला नव्हता. तारखा चालू राहिल्या. सव्वा वर्षाने मंडळाने निकाल दिला: कृत्य त्याने केलं, पण आईचा जीव जात असताना केलं. दोन वर्षं मॅडमच्या देखरेखीखाली राहायचं, समुपदेशन घ्यायचं, शिकायचं. तो आयटीआयला वायरमन शिकू लागला. हनुमंत जगला, एका फुप्फुसाने अधू होऊन. त्याच्यावर गजराबाईने केलेली केस अजून चालू आहे. तारखेला तो दिसतो, ती त्याच्याकडे बघत नाही.

मग प्रांजलच्या दहावीच्या वर्षी, माघात, एक संध्याकाळ आली. गजराबाई मेसवरून आली तर खोलीत प्रांजल भिंतीला टेकून बसलेली, गालावर चार बोटं उमटलेली. वर्गातल्या मुलाशी फोनवर अभ्यासाचं बोलत होती, म्हणून राघूने फोन हिसकावून भिंतीवर मारला होता आणि तिला कानफटात दिली होती. तो अजून तिच्यासमोर उभा होता, मूठ आवळून. गजराबाईने ती मूठ ओळखली.

ती ओरडली नाही. मध्ये जाऊन उभी राहिली. “हान,” ती म्हणाली. “तिला न्हाई, मला हान. मला सवय हाय.”

राघूचा चेहरा एकदम उतरला. तो खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. तिने त्याला जवळ घेतलं नाही.

“सोमवारी मॅडमकडं जायचं हाय. तिथं हे सांगायचं.”

“आई, त्या लिहून घेत्यात. मंडळाला कळलं तर परत आत...”

“कळू दे.”

“तू सांगशील?”

“मी न्हाई. तू.”

सोमवारी ती त्याच्याबरोबर गेली आणि बाहेर बाकावर बसली. तासाभराने तो बाहेर आला. त्याने सांगितलं होतं, सगळं. महिन्याच्या भेटी आता आठवड्याच्या झाल्या होत्या, आणि मॅडम प्रांजललाही एकटीला भेटणार होत्या.

प्रांजल एकोणीस दिवस त्याच्याशी बोलली नाही. विसाव्या दिवशी सकाळी, चपला घालता घालता तिने विचारलं, “मामाच्या गाडीत पेट्रोल हाय का? माझा पेपर अकराला हाय.”

राघू किल्ली शोधायला उठला.