हरल्यावर टाळ्या

आमच्या भाऊजींनी फुटबॉल सोडून या जगात कशावरही विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही. माणसं, हवामान खातं, दुधाच्या बाटलीवरची तारीख, डॉक्टर, देव, आणि बायकोनं 'काही नाही झालं' म्हणणं, ही सगळी त्यांच्या लेखी चौकशी चालू असलेली प्रकरणं. भाऊजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, सुनीताचे यजमान. कोल्हापूरचे. सुनीता आयर्लंडमधल्या मलिंगारच्या इस्पितळात नर्स, मी तिथंच लॅबमध्ये, आणि आमची घरं एकाच ओळीत. मध्ये फक्त मार्टिनचं घर. मार्टिन निवृत्त बसड्रायव्हर. एकटा राहायचा, कोंबड्या पाळायचा आणि शब्द असे वापरायचा जणू प्रत्येकाला तिकीट पडतं. दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये, पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायची बंदी होती तेव्हा, तो आम्हा दोघींच्या दारात गुपचूप अंडी ठेवून जायचा. मी त्याचं ऑम्लेट करून खाल्लं. भाऊजींनी अंडी आधी पाण्यात सोडली, मग उजेडासमोर धरली, मग मला फोन केला. "ताई, लॅबमध्ये घालून बघता काय? ओळख न्हाई पाळख न्हाई, फुकट अंडी कोण देतंय?" मी म्हटलं, अहो भाऊजी, आमच्याकडे रक्त तपासतात, अंडी नाही. तर म्हणे, "मग खाऊन झाल्यावर रक्त तपासा."

इथल्या आडरस्त्यांवर समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट वर उचलतो. अनोळखी असला तरी उचलतो, तो इथला रामराम आहे. भाऊजी फिरायला जायचे तेव्हा त्यांना वाटायचं हे लोक आपल्याला हेरतायत. दहा-बारा दिवस सहन केलं आणि एके सकाळी त्यांनी हात आडवा करून चक्क एक ट्रॅक्टर थांबवला. विचारलं, तुम्ही मला ओळखता का? शेतकरी म्हणाला, नाही. मग बोट का उचललंत? त्या बिचाऱ्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "तू तिथं होतास ना." एवढं बोलून ट्रॅक्टर गेला. भाऊजी घरी येऊन सुनीताला म्हणाले, ह्यात कायतरी हाय. ते काय आहे याचा शोध पुढे कितीतरी दिवस चालला होता. मी हसून हसून बेजार झाले, पण सुनीता हसली नाही. तिला रात्रपाळीहून आल्यावर हे सगळं रोज ऐकावं लागायचं.

आता एवढा संशयी माणूस फुटबॉलपुढे मात्र पार विरघळायचा, त्याला कारण कोल्हापूर. आम्हा पुण्याच्या लोकांना कोल्हापूर म्हटलं की रस्सा आठवतो, पण तिथं तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि पेठाच्या पेठा त्यापायी एकमेकींशी बोलणं टाकतात. भाऊजी तिथल्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक आणि एका तालमीच्या संघाचे कोच. संघ हरला की यांना मिसळीच्या दुकानात मागच्या दारानं शिरावं लागायचं. भाजीवाली कोथिंबीर हातात धरून ठेवायची आणि आधी विचारायची, "त्या पोराला का बाहेर काढलासा? डोळं फुटलं हुतं काय?" लोक घरी येऊन शिव्या द्यायचे, यांच्या आईच्या हातचा चहा घ्यायचे आणि कप खाली ठेवून उरलेल्या शिव्या द्यायचे. हे सगळं भाऊजी असं सांगायचे, जसं दुसरा एखादा माणूस शाल-श्रीफळाचं सांगेल. सुनीताला इथं नोकरी लागली म्हणून ते सगळं सोडून आले आणि सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावू लागले. तक्रार एका शब्दानं केली नाही. फक्त टोमॅटोचे डबे खाली चार, मध्ये तीन, वर तीन असे लावायचे, आणि मॅनेजरनं विचारलं तर म्हणायचे, बचाव भक्कम पाहिजे.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात इथल्या एका कॉलेजला सॉकरच्या संघासाठी कोच हवा होता. सुनीतानं अर्ज भरायला लावला आणि भाऊजी निवडले गेले. झालं! कॉर्कपासून डब्लिनच्या चेरीवूडपर्यंतच्या मराठी मंडळींनी व्हॉट्सॲपवर फुलांचा नुसता खच पाडला. स्थानिक रेडिओवर बातमी आली, बसथांब्यावर भाऊजींचं हे एवढं पोस्टर लागलं. फोटो काढणाऱ्यानं त्यांना चेंडू छातीशी धरायला लावला होता आणि अजून हसा, अजून हसा म्हणत होता. आम्ही पोस्टर बघायला मुद्दाम गेलो, तर भाऊजी त्याच्यासमोर, चोरीचा माल ओळखायला बोलावल्यासारखे उभे. म्हणाले, "ताई, आधीच्या कोचचं पोस्टर लावलं हुतं काय हो? मी चौकशी केली. न्हवतं. मग माझंच का?" मी म्हटलं, कौतुक आहे हो, घ्या की गोड मानून. "कौतुक कशाचं? अजून एक मॅच झाली न्हाई. मला कोच म्हणून घेतलंय का तोंडाच्या रंगासाठी, तेवढं कळू दे. मग गोड काय नि तिखट काय."

ते कळायचा दिवस उजाडला. इतक्या महिन्यांच्या कोंडमाऱ्यानंतर लोक काहीही बघायला तयार होते, त्यात पोस्टरवाला कोच. मैदानाच्या कडेला हीऽ गर्दी. भाऊजी नवं जाकीट घालून, पाठीला पाण्याच्या बाटल्यांची मोठी पिशवी लावून मैदानात आले आणि पाहुण्या संघाच्या बाजूनं एक माणूस मोठ्यांदा ओरडला, "अरे, जेवण कुणी मागवलंय?" इथं घरोघर जेवण पोचवणारी पोरं बरीचशी आपल्याकडचीच. दोन-तीन जण हसले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगाचा असा भडका उडाला म्हणून सांगू! सुनीतानं माझा हात घट्ट दाबून धरला होता. भाऊजींनी वळूनही पाहिलं नाही. पण मध्यंतराला त्यांनी डावीकडचा बचावपटू काढला, जो एकटाच नीट खेळत होता. का काढला ते देव जाणे. त्याच बाजूनं धडाधड गोल झाले आणि संघ पाच-शून्यनं हरला. आणि शिट्टी वाजल्यावर सगळं मैदान उभं राहून भाऊजींसाठी टाळ्या वाजवायला लागलं.

पुढचे पंधरा दिवस गावानं आम्हाला चांगुलपणानं भाजून काढलं. कॉलेजनं निषेधाचं पत्रक काढलं. शेजारपाजारच्यांनी केक आणले, स्कोन आणले, फुलं आणली. सुपरमार्केटात म्हाताऱ्या बायका भाऊजींचा दंड धरून 'फेअर प्ले टू यू', म्हणजे शाब्बास रे, असं म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. रेडिओवर मुलाखत झाली. मुलाखत घेणारी पोरगी गुणी होती, मनापासून विचारत होती, तुम्हाला काय वाटलं, तुमच्या बायकोला काय वाटलं, आयर्लंडबद्दल आता काय वाटतं. भाऊजी मध्येच म्हणाले, मॅडम, मी लेफ्ट बॅक काढला ती माझी चूक होती. ती म्हणाली, तुम्ही किती नम्र आहात!

त्या संध्याकाळी भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले, राजीनामा देणार. "पाच गोल खाल्ले ताई! पाच! कोल्हापुरात मला मैदानातून बाहेर पडू दिलं नसतं. हितं केक आणत्यात. त्या ओरडणाऱ्याचं तोंड तरी मला कळलं. पण ह्या टाळ्यांत दया किती आन् खेळ किती, हे निवडून कोण देणार?" मी म्हटलं, लोक चांगले आहेत हो, तुम्हाला मेलं सगळ्यातच काळं दिसतं. तेव्हा सुनीता एकदम कडाडली. "वॉर्डात एक आजोबा माझ्याकडून सुई टोचून घेत नाहीत. दुसरी नर्स आणा म्हणतात. माझा हात जड आहे म्हणून, का दुसऱ्या कशानं, ते मला कळतं का? नाही कळत. तरी मी उद्या जातेच ना? तुम्ही पण जायचं." चहा निवून गेला तरी कुणी उचलला नाही. हे आजोबांचं तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तिच्याच इमारतीत काम करते.

तर भाऊजी राहिले. पुढचा सामना हरले, टाळ्या. त्याच्या पुढचा कसाबसा बरोबरीत सुटला, तर इतक्या टाळ्या की पलीकडच्या कोचला वाटलं आपणच हरलो. त्यानंतरच्या सामन्याला कोंबड्यांचं आटोपून मार्टिन आला. टोपी कपाळावर ओढून, हात खिशात घालून आपला कडेला उभा. आमच्या संघात एक धिप्पाड पोरगा होता, त्याच्यावर भाऊजींचा फार जीव. तो मध्यंतरापासून नुसता चालत होता, हे मलासुद्धा दिसत होतं. आणि अचानक ज्या माणसाच्या तोंडून दीड वर्षात आम्ही हवापाण्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं, त्याची तोफ सुटली. "त्या ढोल्याला बाहेर काढ, अरे ईजिट! झोपला आहेस का? माझी कोंबडी तुझ्यापेक्षा बरा संघ निवडेल!" ईजिट म्हणजे आपला महामूर्ख. सगळी गर्दी हादरली. एका बाईनं मार्टिनला दटावलं, अहो, त्या बिचाऱ्यावर आधीच काय काय गुजरलंय. मार्टिन म्हणाला, "काय गुजरायचं ते त्या गोलकीपरवर गुजरतंय!"

मी घाबरून भाऊजींकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा असा फुललेला, की मला वाटलं गोल झाला. त्यांनी ढोल्याला काढलं नाही हं! उलट कडेला धावत जाऊन मार्टिनला ओरडले, "तुला काय कळतंय? बस चालव!" हरले. आणि मग दोघं रिकाम्या मैदानाच्या कडेला, पाऊस भुरभुरत असताना, हातवारे करत भांडत बसले. दुसऱ्या दिवसापासून कुंपणावरून रोज भांडण. अंडी येतच होती, आता ती आरडाओरड्यासकट यायची, आणि भाऊजी ती पाण्यात न घालता खायचे. मात्र मूळ स्वभाव जातोय कुठं? एकदा मला बाजूला घेऊन विचारलंच, "ताई, खरं सांगा, तुम्ही शिकवून पाठवलं न्हवतं न्हवं त्याला?" मी देवाशपथ म्हटलं, तर म्हणाले, तुमचा देवावर इश्वास कवापासनं?

संघ काही सुधारला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस कॉलेजनं भाऊजींना बोलावलं आणि फार फार गोड शब्दांत निरोप दिला. तुम्ही आमच्या सगळ्यांची प्रेरणा आहात, तुमच्या धैर्यानं गावाला शिकवलं, वगैरे. भाऊजींनी एकच विचारलं, हरलो म्हणून काढताय का? तर सगळी मंडळी खुर्चीतून अर्धी उठली. छे छे, तसं अजिबात नाही! असं मनातही आणू नका! भाऊजी घरी आले ते हात-पाय न धुता तसेच बसून राहिले. सुनीतानं मला बोलावून घेतलं. "हरलो म्हणून न्हाई म्हणत्यात," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "मग कशासाठी काढलं ताई? आता हे कायम डोक्यात राहणार बघा." इतक्या वर्षांत त्यांच्या संशयाला मी हसत आले, त्या दिवशी हसू आलं नाही. मला त्या गोड बोलणाऱ्या माणसांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात मार्टिन आला. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. दारातच उभा राहिला, टोपीसुद्धा काढली नाही. म्हणाला, "तू हरलास म्हणून काढलं तुला. आणि हरलास ते माझं ऐकलं नाहीस म्हणून. माझ्या हातात असतं तर मी दोन सामने आधी काढलं असतं."

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उलटतपासणी सुरू होणार, तुला कुणी पाठवलं, का सांगतोस. त्यांनी काही विचारलं नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी बायकोवर ओरडून घेतलं, "ए, बघत काय बसलीस? पान वाढ की त्याला!" मार्टिन जेवला. तांबड्या रश्श्यानं त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, तरी वाटी पुसून संपवली आणि घास गिळता गिळता डावीकडच्या बचावपटूवरून पुन्हा भांडला.

सुनीताला कॉर्कच्या इस्पितळात वरची जागा मिळाली आणि डिसेंबरात ती दोघं गेली. मधलं घर बडबडतं झालं होतं, ते पुन्हा मुकं झालं. नाताळाआधी कॉलेजचा एक सामना होता. नवा कोच इथलाच, इथल्याच शाळेत शिकलेला, त्याचं पोस्टरबिस्टर काही नव्हतं. मी मार्टिनबरोबर गेले. संघ तीन-शून्यनं हरला आणि काय सांगू, सगळं मैदान त्या कोचवर तुटून पडलं. भाऊजींचा दंड धरून डोळे पुसणाऱ्या त्याच म्हाताऱ्या बायका, त्याला विचारत होत्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? केक आणणारा शेजारी तर कुंपण ओलांडून आत निघाला होता. कोच लालबुंद होऊन तोंडाला तोंड देत होता, पोरं हसत होती. मी तिथं थंडीत उभी राहून ऐकत होते आणि मला रडू येत होतं. वाईट कुणीच नव्हतं हो त्यात. पण माझ्या भाऊजींना यातलं एका मार्टिननं दिलं, बाकी कुणी काही दिलं नाही.

रविवारी भाऊजींचा फोन आला. कॉर्कमधला पाऊस, नवं घर, वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या पावलांचा संशय, सगळं झालं. मग हळूच म्हणाले, "मॅच झाली म्हणं. हरले काय?"

"हरले."

"मग? नव्या कोचला काय म्हणाले लोक?"

मी म्हटलं, "काय म्हणणार? टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

मग त्यांचा आवाज आला, अगदी मऊ, मी कधी ऐकला नव्हता तसा.

"खोटं बोलतासा ताई," ते म्हणाले. "पण बोला. तुम्ही बोलला तर चालतंय."