मॅचआधीची दृष्ट

सायली गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे सिंगापूरला, तांजोंग पगारच्या ऑफिसात होते. ताईचा फोन आला. ती म्हणाली, "मी केला नाही गं तिला फोन..." मेलबर्नच्या हॉस्पिटलातून काय निरोप आलाय ते तिने त्यानंतर सांगितलं. माझी एकुलती एक भाची, तिशीही न गाठलेली. या गोष्टीला आता दोन महिने होतील, पण ताईचं ते पहिलं वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

सायली वाढली इथल्याच चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये. वडील मरीन इंजिनिअर, वर्षातला बराच काळ बोटीवर, त्यामुळे घरात राज्य मायलेकींचं. आमच्या घराण्यात खेळ म्हणजे बदामसात! ही फिजिओथेरपी शिकायला मेलबर्नला गेली आणि तिथला फुटबॉल खेळायला लागली. लांबट चेंडू, तो लाथेने मारायचा, मुठीने ढकलायचा आणि हवेत झेलायला एकमेकींच्या खांद्यावर चढायचं. डोक्यावर हेल्मेट नाही. "म्हणजे रग्बीच की," म्हटलं की आमच्या बाईसाहेब चिडायच्या, शेवटी सिंगापुरी 'ला' लावून. "मावशी, रग्बी वेगळं, ला! किती वेळा सांगू?" आधी युनिव्हर्सिटीची टीम, मग उपनगरातला एक क्लब आणि शेवटी बायकांच्या व्यावसायिक लीगमधल्या संघाने तिला निवडलं. सकाळी क्लिनिक, संध्याकाळी सराव. तिच्या पहिल्या मॅचला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. सायलीने उंच उडी मारून चेंडू झेलला तेव्हा सगळं मैदान ओरडलं. ताई डोळे गच्च मिटून बसली होती. माझा ऊर मात्र भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून दर शनिवारी मॅचआधी ताई व्हिडिओ कॉलवर तिची दृष्ट काढायची. ओट्यावर फोन उभा करायचा, मूठभर मीठ-मोहरी त्याच्यावरून उतरवायची आणि तव्यावर टाकायची. शेजारची चिनी आजी खोकत दार लावून घ्यायची. तिकडे सायली ड्रेसिंग रूममध्ये फोनपुढे शहाण्या मुलीसारखी मान खाली घालून बसलेली. मी हसायचे. "हसू नको गं, मावशी. माझ्या टीमला वाटतं मी प्रार्थना करते. फुल रिस्पेक्ट!"

मग डोक्याला मार लागला. सहा-सात महिन्यांनी पुन्हा लागला. डॉक्टरांनी तपासून खेळायची परवानगी दिली, पण ताई ऐकेना. "खेळणार असशील तर फोन करू नकोस. मी दृष्ट काढणार नाही." आईच्या हातात दुसरं होतं तरी काय? दृष्ट काढल्याशिवाय ही मैदानात पाऊल टाकणार नाही, अशी ताईची पक्की खात्री होती. त्या शनिवारी ती फोन समोर ठेवून बसून राहिली आणि तिकडे मॅच सुरू झाली. उडी मारताना धडक बसून सायली पडली. उठली, स्वतःच्या पायांनी बाकापर्यंत गेली, आणि तिथे कोसळली ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या संघातली केट सिंगापूरला आली, सायलीचे बूट आणि जर्सी घेऊन. ताईने चहा केला. मग इतके दिवस मनात धरलेलं विचारलं, "रागात गेली का गं ती मैदानात?"

"नाही," केट म्हणाली. "नेहमीसारखी मान खाली घालून बसली होती. फक्त फोनवर कुणी नव्हतं. स्क्रीन काळी होती. मी म्हटलं, चल, उशीर होतोय. तर म्हणाली, थांब, आई अजून राग धरून आहे, पण करेल फोन... शेवटी कोच ओरडली, तेव्हा उठली."

मला वाटलं, ताई मोडून पडणार. ती रडलीसुद्धा नाही. जर्सीची घडी मांडीवर घेऊन बसून राहिली. केटला सोडायला मी एमआरटी स्टेशनपर्यंत गेले. ती पोर वाटभर माझी माफी मागत होती.

काल दुपारी, शनिवार होता म्हणून, जेवलीस का विचारायला मी ताईला फोन केला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला.

"शनिवारी नको करत जाऊस गं," ती म्हणाली. "लाइन मोकळी हवी."