पुढच्या सीटवरचा नारळ

नवी गाडी दारात आली तेव्हा घरातल्या सगळ्यांना आनंद झाला, मला मात्र भीती वाटू लागली. मी हिशेबी माणूस. टायरमधली हवा, तेल, ब्रेक रोज तपासायचो, तरी स्टेअरिंग धरलं की तळहातांना घाम यायचा. नातू अजून वर्षाचाही नव्हता. त्याची जागा ठरलेली, पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर. मांडीपेक्षा सुरक्षित काही असू शकतं, हे आमच्या कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गाडीच्या पूजेला पत्नी, सून आणि नातवाला घेऊन कुणकेश्वरच्या देवळात गेलो. वृद्ध गुरवांनी नातवासाठी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची राखण कर!" सगळ्यांबरोबर मीही "व्हय म्हाराजा" म्हणालो, पण मनात शंका होतीच. देव काय येऊन ब्रेक दाबणार आहे?

गुरव नारळ घेऊन गाडीपर्यंत आले. म्हणाले, "बाबानू, गाऱ्हाण्याचो नारळ पायांकडे ठेवचो नाय. पुढची सीट ह्याका. घराकडे पोचासर कोणी थंय बसूचा नाय."

पत्नी नाखुशीनेच मागे बसली. "नारळाक मान आणि माका मागे! आता हवा खावक तोच बसतलो."

"आई, त्याका पट्टो बांधूया काय?" सून हसत म्हणाली. नातू दोघींच्या मधे होता.

परतताना उताराच्या वळणावर अचानक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि रस्त्याकडेच्या गडग्यावर, चिऱ्यांच्या कुंपणावर आदळली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला. पांढरी धूळ, जळका वास, तोंडावर चटका. दोन्ही एअरबॅग फुटून लोंबत होत्या. मागून काहीच आवाज येत नव्हता. मान वळवायचं धैर्य मला झालं नाही. हाकही मारली नाही. उत्तर आलं नाही तर? ते काही क्षण मी अजूनही झोपेत जगतो.

मग नातू रडला. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिघांनाही किरकोळ खरचटलं होतं.

पुढच्या सीटवर नारळ फुटून पडला होता, पाण्याने सीट भिजली होती. पत्नी त्याच्याकडे बघतच राहिली. "थंय माझ्या मांडीर बाळ आसतो..." तिने नातवाला उराशी घट्ट धरलं.

गाडी दुरुस्त करणाऱ्याने नंतर सांगितलं, एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटते. मोठ्या माणसाला ती पट्ट्यासह वाचवते, मांडीवरच्या बाळाला तीच मारते. आणि मांडी मागच्या सीटवरही पुरेशी नाही. हातांना तेवढा जोर नसतो. पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेवर लहान मुलाच्या चित्रासह इशारा छापलेलाच होता. नवी गाडी मळू नये म्हणून तिच्यावरचं प्लास्टिक आम्ही काढलंच नव्हतं.

गुरवांना एअरबॅग ठाऊक होती का, मी विचारायला गेलो नाही. नारळ वाढवायला मात्र गेलो.

आता गाडीत नातवाची खास लहान मुलांची खुर्ची मागच्या सीटला बांधलेली असते. तो आजीकडे झेपावतो, रडतो. आम्ही मन घट्ट करतो. भीती गेलेली नाही. निघण्यापूर्वी त्याचा पट्टा मी ओढून पाहतो. तेवढं माझं काम. पुढचं ज्याच्या हाती आहे त्याला हात जोडतो आणि हळूच म्हणतो, व्हय म्हाराजा. आता ते म्हणताना मनात शंका नसते.