नानांनी न वाचलेले मेल

कोणाची मेलपेटी दुरुस्त करायची असली की नाना आधी आपली खुर्ची भिंतीकडे वळवायचे. "तुझं जे खाजगी असेल ते बंद कर, मग मला सांग," म्हणायचे. जळगावच्या एमआयडीसीत आमचा चटयांचा कारखाना. तिथला मेल सर्व्हर नानांच्याच ताब्यात होता. मनात आणलं असतं तर त्यांना कोणाचंही काहीही वाचता आलं असतं. म्हणून त्यांची ती वळलेली पाठ आम्हाला फार मोठी वाटायची.

नाना मूळचे भडगावचे. ऑफिसात बोलणं नीटनेटकं, पण जीव लावला की अहिराणीवर यायचे. मी डबा विसरले की आपली कळण्याची भाकरी पुढे सरकवून "खाय वं माय" म्हणायचे.

पुढे ऑर्डरींवरून ग्राहकांशी वाद होऊ लागले आणि मालकांनी जर्नलिंग सुरू करायचं ठरवलं. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मेलची एक प्रत आपोआप वेगळ्या पेटीत पडणार. नानांनी सगळ्यांना बसवून समजावलं. साधा प्रकार मेल सर्व्हरच्या असलेल्या लायसन्समध्येच मिळत होता, पण त्यात सरसकट सगळ्यांच्या प्रती निघायच्या. ठरावीक माणसं निवडायची तर माणशी वरच्या दर्जाचं, महागडं लायसन्स लागणार होतं.

"आपण वरचंच घेणार. फक्त विक्री विभागासाठी. बाकीच्यांचं कोणी बघणार नाही," नाना म्हणाले. त्यांनी सांगितलं म्हणजे झालं, असं आम्ही धरून चाललो.

धुळ्याच्या शाखेत माझी मैत्रीण सुनंदा होती. तिथला मॅनेजर बायकांशी वाईट वागायचा. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायचं आम्ही दोघींनी ठरवलं. तिथे मोबाइल फाटकावरच ठेवून घेत आणि घरी तिला हा विषय काढायची सोय नव्हती. उरला ऑफिसचा मेल. मी नानांना कारण सांगितलं नाही. आपले मेल कोणी बघत नाही ना, एवढंच विचारलं.

"बठ्ठं नीट शे, माय. लिही तू." सगळं नीट आहे म्हणाले, म्हणून मी लिहिलं.

मसुदा आम्हा दोघींपलीकडे गेलाच नव्हता. तरी मॅनेजरने सुनंदाला केबिनमध्ये बोलावून तिचीच वाक्यं तिला ऐकवली. तक्रारीत नाव द्यायला तयार झालेल्या तिथल्या बायकांनी भीतीने माघार घेतली. सुनंदाला नोकरी सोडावी लागली.

मी नानांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. मालकांनी वरचं लायसन्स नाकारलं होतं, साधं जर्नलिंग चालू करायला लावलं होतं आणि कोणाला कळता कामा नये अशी ताकीद दिली होती. ती पेटी मालक उघडायचे; मसुदा तिथूनच मॅनेजरपर्यंत पोचला होता. आपले मेल कोणी बघत नाही ना, असं मी विचारलं त्या दिवशी ते चालू होतं का, हे मी त्यांना विचारलं. ते हो म्हणाले.

"मुलीचं लग्न व्हायचंय. नोकरी गेली असती," ते म्हणाले. "पण मी एकही मेल वाचला नाही, माय."

"वाचला असता तर बरं झालं असतं, नाना. निदान लिहू नको, एवढं तरी म्हणाला असता."

 मीही तिथली नोकरी सोडली.

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला नाना स्वतः घरी आले. मी भडगावला गेले. पंगतीत वाढता वाढता त्यांनी हळूच सुनंदाची चौकशी केली. शिवणकाम करते, असं मी सांगितलं. ते वाढायचं विसरून तसेच उभे राहिले.

निघताना निरोप घ्यायला गेले. माझ्या पुढची सगळी मंडळी त्यांच्या पाया पडत होती. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आशीर्वादासाठी हात उचललाही होता. मी उभ्यानेच नमस्कार केला आणि जळगावची बस धरली.