गुलाबी पुडीतली सहा काडतुसे

त्या प्रकरणाला काही वर्षे झाली, पण ते आठवले की मला आरोपीचा चेहरा दिसत नाही, त्याची बोटे दिसतात.

साताऱ्याहून माझी बदली पलूसच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात झाली होती. एका सकाळी टपालातून निनावी अर्ज आला. एका माजी सैनिकाच्या गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागे बेकायदा काडतुसे आहेत, असे त्यात लिहिले होते. दोन पंच घेऊन आम्ही गेलो. सांगितलेल्या जागी गुलाबी कागदाची पुडी मिळाली. आत पिस्तुलाची सहा जिवंत काडतुसे होती.

त्या माजी सैनिकाकडे परवान्याची बाराबोअर बंदूक होती आणि ती असल्यामुळेच तो एका बँकेत सुरक्षारक्षक होता. परवाना रद्द झाला तर नोकरी जाणार होती, अटक वेगळीच.

"साहेब, ही माझी न्हाईत. माझ्या बंदुकीत ही बसायचीबी न्हाईत," तो म्हणाला.

ते खरे होते, पण तेवढ्याने कोणी सुटत नाही. त्याच्या बंदुकीची काडतुसे परवान्यावरील नोंदीशी तंतोतंत जुळली. अर्ज लिहिणाऱ्याला मात्र कोणत्या पोत्यामागे शोधायचे हेसुद्धा ठाऊक होते. निनावी अर्जातली जागा जितकी नेमकी, तितका लिहिणारा घराजवळचा, असा माझा अनुभव आहे.

चौकशीसाठी त्याला ठाण्यात आणून बसवले. दुपारी त्याचा थोरला भाऊ तिथे आला. परमुलखात त्याचा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा होता; त्या दिवसांत तो गावी आला होता. बोटांत चार अंगठ्या होत्या.

"साहेब, आता लायसन रद्दच हुणार न्हवं?" त्याने विचारले. चहा संपेपर्यंत हाच प्रश्न आणखी दोनदा आला. भाऊ ठाण्यात बसलेला असताना माणूस आधी विचारतो, कधी सोडणार? ते त्याने एकदाही विचारले नाही.

परवाना शाखेकडे चौकशी केली. या थोरल्या भावाचाही बंदुकीसाठीचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. जिवाला धोका असल्याचे त्याला दाखवता आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले. बाजारातल्या सराफाकडून गुलाबी कागद आणून ठेवला होता. मी बोटातली अंगठी काढून पुढे केली.

"जरा पुडी बांधून द्या. मला नीट जमत नाही."

"त्यात काय साहेब," म्हणत त्याने माझ्याकडे बघत बघतच तीन घड्या घातल्या आणि डावा कोपरा आत खोचला. मी पंचनाम्यातले छायाचित्र शेजारी ठेवले. त्यातही तीनच घड्या, डावा कोपरा आत. त्याचे बोट पुडीवरच राहिले.

"समद्या गलाईवाल्यांची पुडी अशीच अस्ती, साहेब."

"असेल. तुमच्या भावाच्या गोठ्यात दुसरा कोणता गलाईवाला जातो?"

त्याने बोटातली एक अंगठी फिरवली. मग बोलू लागला. पंचांसमोर निवेदन घेऊन आम्ही त्याच्या गावातल्या घरी गेलो. तिजोरीत सोन्याच्या शेजारी दोन पिस्तुले आणि उरलेली काडतुसे मिळाली. प्रत्येक नग त्याच गुलाबी कागदात, तसाच बांधलेला.

"सोनं लय चढलं. तिकडच्या एकानं सांगितलं, आता पैसा ह्यात घाल. सोनं आटवताना घट येती, ह्याला घट न्हाई."

हा हिशेब करणारा तो पहिला नव्हता. सोने मोडायचे तर सराफ आहे. या मालाला गिऱ्हाईक गुन्हेगारच मिळते. शिवाय काडतुसाला दमट हवा लागली की ते निकामी होते. पण मला वेगळेच विचारायचे होते.

"एवढे असून भावावर का उठलात?"

"खंडेनवमीला आख्खी गल्ली त्याच्या दारात अस्ती. त्याच्या बंदुकीला हळदकुकू, हार. माझं तिजोरीतलं कोण बघतंय? पिस्तुलं घेतली, तर तीबी दाखवता येईनात. मी एवढं कमवलं साहेब, तरी 'फौजीचा भाऊ' म्हणूनच वळखत्यात मला."

धाकट्यावरचा संशय फिटला. परवाना आणि नोकरी दोन्ही राहिली. थोरल्यावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. यथावकाश तो जामिनावर सुटला.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धाकटा बंदूक घेऊन ठाण्यात आला. त्याला परवाना सोडायचा होता.

"दादा सुटून आलाय, जेवतो माझ्याकडंच. ही भिंतीवर असली की त्याच्या घशाखाली घास उतरत न्हाई."

"नोकरी जाईल."

"दुसरी बघीन. दुसरा भाऊ कुठनं आणू?"

रीतसर कागदपत्रे झाली आणि बंदूक साताऱ्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. मत्सराचे कारण दूर केले की मत्सर संपतो, असे तोपर्यंत मीही मानत होतो.

पुढच्या सोमवारी थोरला जामिनाच्या हजेरीला आला. सही केली, पेन टेबलावर ठेवले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

"साहेब, त्याच्या बंदुकीला किती आलं?"

मी सांगितले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक सोमवारी तो सही करायचा आणि तेच विचारायचा.