काजूखाली मांडलेलं पान

त्या दुपारी बागेत आम्ही पाच माणसं होतो. मी, माझा दीर बबन, आमचा जुना गडी गंगाराम, टेंपोवाले रजाकभाई आणि दिलबहादूर. सहावं कोणी नव्हतं. पाचातला दिलबहादूर गेला, त्याला आता दीड महिना झाला.

दिलबहादूर नेपाळचा. मिरजोळ्याच्या वर आमची हापूसची बाग, तिथं नऊ वर्षं राबला. पहिल्या साली गंगारामनं त्याला आंबे उतरवायचा झेला कसा धरायचा ते शिकवलं. दुसऱ्या साली हाच शेंड्यावरनं ओरडायला लागला, "गंग्या, म्हातारा झालास काय रे? खाली बस नि क्रेट भर!" गंगाराम म्हणायचा, "उतर मेल्या, दाखवतो तुला." दोघं हसायचे. मला तो आये म्हणायचा. पण खाली उतरले की दिलबहादूरची पाण्याची कळशी वेगळी. ती मीच वेगळी भरायची. कोणी सांगितलं नव्हतं, पडलेली रीत...

तोड सुरू व्हायच्या आधी बागेच्या राखणदाराला, जागा सांभाळणाऱ्या देवाला, आम्ही कोंबडा देतो. मग बागेतले गडी एका रांगेत बसून त्याच कोंबड्याचं मटण जेवतात. रजाकभाई आपला डबा आणतात, त्यांना आमचं कापलेलं चालत नाय. दिलबहादूरचं पान मी दर साली लांब, काजूखाली मांडायची. ह्या साली त्यानं ते उचललं नि गंगारामच्या बाजूला येऊन बसला. म्हणाला, "आये, नऊ वर्षं झाली. राखणदार वळखतो आता मला."

बबन बोलला, "ऊठ. तिकडं बस."

"जेवून उठतो, भाऊ."

बबननं लाथेनं पान उडवलं. तिखट रस्सा दिलबहादूरच्या डोळ्यात गेला. तो तसाच उठला नि बबनचा गळा धरला. दोघं खाली पडले. गंगारामनं झेल्याची काठी घेतली. पहिला तडाखा दिलबहादूरच्या खांद्यावर, दुसरा कानामागं. तो आवाज मी ऐकला. दिलबहादूर हलायचा थांबला तरी बबन दगडानं मारत होता. मी ओरडले नाय. हातात भाकऱ्यांचं टोपलं होतं, ते धरून उभी राहिले. रजाकभाईंनीच बबनला मागं ओढलं.

टेंपोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लुगडं भिजून जड झालं. दवाखाना यायच्या आधीच...

बबन म्हणाला, "वैनी, झाडावरनं पडला. सगळ्यांनी तेच सांगायचं." सगळ्यांनी तेच सांगितलं. मी पण. त्याच्या बायकोला फोनवर तेच कळवलं. तिकडून ती रडत होती, नि मी सांगत होते, पाय घसरला गो.

महिन्यानं एका सकाळी रजाकभाई दारात आले. "भाभी, मी जबाब बदलायला चाललोय. एवढा चढणारा माणूस पडला म्हणताना जीभ वळत नाय. येताय?" मी चपला घातल्या. बबन आडवा आला. "घर बुडवायला निघालीस काय?" मी बाजूनं गेले. ठाण्यात सगळं सांगितलं. पान कुठं मांडायची, ते पण.

आता बबन नि गंगाराम तुरुंगात आहेत. दिलबहादूरच्या बायकोचा फोन लागत नाय. गावाचं नाव त्यानं नऊ वर्षांत कधीतरी सांगितलं असेल, मी ध्यानात ठेवलं नाय.

माझी नात हे लिहून घेते आहे. तुमच्या बागेत नेपाळी गडी असतील. त्यांना हे वाचून दाखवा. कोणी त्याच्या गावाकडचा निघाला तर त्याच्या बायकोला एवढा निरोप द्या... तुझा नवरा झाडावरनं पडला नाय. आमच्या रांगेत जेवायला बसला, म्हणून आम्ही त्याला मारला.