भाता मारणारा हात

"सोमवारी भजनवाले येतील, पेटी देवळात देऊन टाकतो," असं बाबांनी जाहीर केलं आणि मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललेच नाही.

डिचोलीच्या आमच्या घरात ती पेटी माझ्या जन्माआधीपासून आहे. बाबा खाणीवर कारकून होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते सोमवारच्या भजनातला पेटीवाला म्हणून. गेल्या वर्षी झटका आला आणि डावा हात लुळा पडला. उजव्याची पाची बोटं ठणठणीत आहेत. पण डाव्याने भाता मारला तरच उजव्याखालचे सूर बोलणार. मी एकदा म्हटलं होतं, मी मारते भाता. केवढ्याने डाफरले! "हांव काय भुरगो?" दुसऱ्याने भाता मारायचा तो शिकाऊ पोरांसाठी, असं त्यांचं ठाम मत. मीही त्यांचीच मुलगी. पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी मैत्रिणीने जुन्या गोव्यातल्या एका चर्चमधल्या ऑर्गनवादनाचे दोन पास दिले. बाबांना नेलं ते काही संगीताच्या प्रेमापोटी नव्हे. घरात दोघांनी तोंडं फुगवून बसण्यापेक्षा बाहेर बसलेलं बरं, एवढंच. नार्व्याला फेरीबोटीत गाडी चढवली, दिवाड बेटावर उतरलो, पुन्हा दुसरी फेरीबोट. बाबा वाटभर नदीकडे बघत होते.

वादक बाई वर माळ्यावर होत्या आणि खाली पडद्यावर त्यांचे हातपाय दिसत होते. आधी बरोक काळातल्या रचना झाल्या. एक सूर पळाला की दुसरा त्याच्यामागे, मग तिसरा, शिवाशिवी खेळल्यासारखे. बाबांची उजवी बोटं मांडीवर हलायला लागली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग रोमँटिक काळातली एक लांबलचक रचना सुरू झाली. आवाज चढत गेला, बाक थरथरले, आणि एकदम बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. नुसत्या पायांनी त्या वाजवत राहिल्या.

"व्वा!" बाबा ओरडले.

चर्चमधल्या झाडून सगळ्या माना वळल्या. मी त्यांना चिमटा काढला. "बाबा, ओगी राव!" गप्प राहा म्हटल्यावर ते बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. दाद द्यायची नाही तर इतक्या लांब यायचं कशाला, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाई खाली आल्या. पन्नाशीच्या, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या. "'व्वा' कोणें म्हळें?" मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर बाबांनी शाळेतल्यासारखा उजवा हात वर केला होता. बाई हसल्या. "तेन्ना म्हाका कळ्ळें, सकयल कोणतरी आयकता."

खाली कोणीतरी ऐकतंय, हे त्यांना त्या एका 'व्वा'मुळे कळलं म्हणे! मी चिमटा काढलेला हात पाठीमागे लपवला.

पण बाबांना कौतुकाशी देणंघेणं नव्हतं. "बाये, तुजे हात-पाय सगळे वाजवण्यात. मग भातो कोण मारता?"

"आतां मोटर. पयलीं फाटल्यान एक मनीस मारतालो." बाईंनी वर ऑर्गनच्या मागे बोट दाखवलं.

"दुसरो माणूस? आनी वाजवणाऱ्याक लाज वाटनासली?"

"लज?" बाईंना प्रश्नच कळला नाही. "तो येयसर वाजोवपी वाट पळयत बसतालो."

तो येईपर्यंत वादक वाट बघत बसायचा. परतताना दोन्ही फेरीबोटींत बाबा 'वाट पळयत बसतालो' हेच पुटपुटत होते.

रविवारी सकाळी बघते तर पेटी ओटीवर. पुसलेली, उघडलेली. "बस हंगा," बाबा समोरच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले. मी भाता धरला.

"सायकलीत हवा भरतंस काय गो?" दोन मिनिटांत आवाज चढला. मग हळू मारला तर सूर मरतो म्हणून ओरडले. मी म्हटलं, एवढं असेल तर मोटर बसवा. असे भांडत भांडत दुपारी एकदाचे आम्ही एका अभंगाच्या चालीपाशी पोहोचलो. त्यांची बोटं कुठेही अडखळली नाहीत. वर्षभर ती अशीच तयार बसली होती आणि मी रुसून बसले होते. मला रडू फुटलं. हात थांबला, पेटी गप्प झाली.

"मागीर रड," बाबा खेकसले. "आदीं भातो मार!"

सोमवारी संध्याकाळी भजनवाले दोघे पेटी उचलायला आले. बाबा धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते.

"न्हेवा," ते म्हणाले. "पण आमी दोगांय वांगडा येतलीं. बसूक दोघांची जागा धरा."